न चाखलेले मॅरिनेड

“बाबांनी मास्क खाली केला, चिकनचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘जमलं.’ आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या माणसाने आमच्या मॅरिनेडसाठी नेम मोडला.”

हे उद्गार माझे जावई केदारराव यांचे. आयर्लंडमधल्या मराठी मंडळींनी २०२० च्या गणेशोत्सवात एक ऑनलाइन कार्यक्रम केला. त्यात लॉकडाउनमधले किस्से सांगण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी हा सांगितला. कार्यक्रमाची लिंक सांगलीलाही गेली होती. पडद्यावर टाळ्यांची चित्रे उडत होती. माझा माइक म्यूट होता. तो उघडता येत असूनही मी उघडला नाही, कारण पुढे आरती व्हायची होती.

या विधानात चार गोष्टी आहेत. मास्क खाली केला, हे खरे. डोळे मिटले, हे खरे. ‘जमलं’ म्हणालो, हेही खरे. उरलेली एक गोष्ट खोटी आहे, आणि सगळा किस्सा नेमका तिच्यावरच उभा आहे.

मी सांगलीजवळच्या एका मसाले-लोणच्यांच्या कारखान्यात सारी नोकरी केली. क्वालिटी कंट्रोलमध्ये लागलो आणि प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. आमचा मटण मसाला कर्नाटकापर्यंत जात असे. तो मी बसवलेला होता. मटण मी कधीही चाखलेले नाही. यात चमत्कार काहीच नाही. कारखान्यात टेस्टिंग पॅनेल असते, म्हणजे पदार्थ चाखून गुण देणारी काही ठरावीक माणसे. त्यांनी चाखायचे, मत द्यायचे; आपण त्यावरून मीठ, मिरची आणि आंबट यांची वजने बदलायची. खुनाचा खटला चालवणाऱ्या वकिलाने आधी खून करून पाहिलेला असावा, अशी अट कोणी घालत नाही. कारखान्यात ही शंका कोणी घेतली नाही. ती ॲथलोनमध्ये घेतली गेली.

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावी आमची मुलगी मधुरा एका टेलिकॉम कंपनीत नोकरी करते. तिच्याकडे आम्ही दोघे त्या वर्षाच्या सुरुवातीला थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलो आणि विमाने बंद झाल्यामुळे अडकलो. मधुराने ऑफिस जेवणाच्या टेबलावर मांडले, केदाररावांनी वरच्या खोलीत. मला ऑफिस नव्हते. शॅनन नदीच्या काठाने रोज चालून यायचे आणि परत येऊन, जावयांनी नवे काय चालवले आहे ते पाहायचे, एवढाच माझा दिवस होता.

त्या उन्हाळ्यात त्यांनी बार्बेक्यू चालवले होते. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरामागून तेव्हा धूर निघत असे. केदारराव इंटरनेटवर पाहून तीन गोष्टी बनवू लागले. तिन्हींतला फरक सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा उलगडा त्यात आहे. सॉस म्हणजे शिजवून घट्ट केलेली चटणी. ती भाजताना शेवटी वरून लावतात. आमच्या सॉसमध्ये चिंच, गूळ आणि टोमॅटो होते. रब म्हणजे कोरडा मसाला. तो मांसाला चोळतात. त्यात आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला आणि सुंठ होती. मॅरिनेड म्हणजे ओला मसाला. मांस त्यात मुरत ठेवतात. त्यात दही, लिंबू, तिखट आणि वाटलेले आले-लसूण होते. कच्च्या पपईऐवजी म्हणून केदाररावांनी किवीही घातली होती. ती मी पहिल्याच दिवशी काढायला लावली.

“का बाबा? किवीने चिकन सॉफ्ट होतं.”

“होतं. पण ते थांबायचं कुठे, हे किवीला कळत नाही.”

तिन्हींचा एकेक नमुना केदाररावांनी गावातल्या खाटकाला, डेक्लनला, नेऊन दिला. डेक्लन पन्नाशीचा, लालबुंद चेहऱ्याचा, आणि कोणतेही वाक्य पूर्ण करण्यापूर्वी हसणारा माणूस. दुकान त्याच्या आजोबांपासूनचे. ऑगस्टच्या सुरुवातीला तिकडे लाँग वीकेंड येतो. त्यासाठी मसाला लावून तयार केलेले चिकन काउंटरवर ठेवायचे त्याच्या मनात होते. मॅरिनेड आमचे, चिकन त्याचे. त्याने केदाररावांना होकार दिला आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहूनही टाकले.

मी ओळख करून घ्यायला गेलो. आम्ही दुकानाच्या दाराशी, नियमाप्रमाणे अंतर राखून उभे होतो.

“हे माझे सासरे,” केदारराव म्हणाले. “मसाल्यांच्या फॅक्टरीत मॅनेजर होते. मापं यांची आहेत. गंमत म्हणजे हे स्वतः प्युअर व्हेजिटेरियन आहेत.”

डेक्लन माझ्याकडे वळला. “म्हणजे चीफ, तुम्ही चिकन कधी खाल्लंच नाही?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही म्हटल्यावर ‘एकदाही’ विचारायचं कारण काय?”

तो हसला. “मग ते बरोबर झालंय, हे तुम्हाला कळणार कसं?”

“तुम्ही चाखा. तुम्हाला काय वाटलं ते मला सांगा. पुढचं माझं काम.”

“आणि मी थापा मारल्या तर?”

“तर गिऱ्हाइकं तुमची जातील.”

परत येताना केदारराव मला समजावू लागले. “बाबा, तुम्ही मापं सांगा, फायनल मी चाखून ठरवतो. तुमच्यावर उगाच जबाबदारी नको.”

मला उगाच जबाबदारी नको, असे मला उभ्या नोकरीत कोणी म्हटले नव्हते. “केदारराव,” मी म्हणालो, “बॅच पास मी करणार. आणि न चाखता करणार. नाही जमलं, तर त्या माणसाचा फळा मी स्वतः पुसून येईन.”

ही माझी पैज होती. जिंकायचे होते ते एवढेच, की ज्याला आपले काम येते त्याला त्यासाठी आपला नेम मोडावा लागत नाही. केदाररावांनी नंतर सांगितलेल्या किश्शात माझ्याकडून नेमके हेच काढून घेतले गेले आहे. म्हणून मी भांडतो आहे.

पहिली बॅच गेली, आणि त्यानंतर दोन दिवसांनी डेक्लनचा फोन आला. केदाररावांनी तो स्पीकरवर टाकला.

“चव ग्रँड आहे,” तो म्हणाला. त्याच्या बोलीत ग्रँड म्हणजे उत्तम नव्हे, नुसते ठीक. “पण मांसाचा लगदा झालाय. वरचा भाग भाजला की चमच्याने निघतो. माझी आई खूश आहे, तिला दात नाहीत. बाकीच्यांचं काय करू?”

“घरी असं कधी झालं नाही,” केदारराव म्हणाले.

“घरी तुम्ही किती वेळ मुरवता?” मी विचारले.

“सकाळी लावतो, संध्याकाळी भाजतो.”

“आणि हे त्यांच्या काउंटरवर किती राहतं?”

“दोन दिवस,” डेक्लन म्हणाला. “नंतर गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये आणखी एक.”

रेसिपी आणि प्रॉडक्ट यांत फरक असतो तो हा. रेसिपी एका जेवणापुरती टिकली तरी चालते. प्रॉडक्टला दुकानात आणि गिऱ्हाइकाच्या घरी तसेच राहावे लागते. याला आमच्याकडे शेल्फ लाइफ म्हणतात. घरच्या पदार्थाचा धंदा करू पाहणारे बहुतेक लोक इथेच पडतात, कारण घरचे सगळे छान म्हणालेले असतात.

डेक्लनने सांगितले की गुरुवारी नवा ट्रे लावू, शनिवारी पाहू. तोही असाच निघाला तर फळा पुसून तो नेहमीचे लिंबू-मिऱ्याचे चिकन ठेवील. त्यापुढचा शनिवार लाँग वीकेंडचा होता. म्हणजे संधी एकच होती.

केदाररावांचा संशय दह्यावर होता. डेक्लनचा लिंबावर. दोघांचेही म्हणणे मी ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. लिंबाने मांसाचा लगदा होत नाही. आंबटाने प्रथिने आवळतात. दुधात लिंबू पिळल्यावर पनीर होते, तसेच. आंबट जास्त झाले असते, तर चिकन पांढरे आणि चिवट झाले असते. हे उलटे होते. इथे काहीतरी प्रथिने तोडत होते.

मग मी तिन्ही पदार्थ ओळीने डोळ्यांपुढे आणले. रब लावलेले चिकन डेक्लनने तितकेच दिवस ठेवले होते. त्याला काही झाले नव्हते. सॉसचा प्रश्नच नव्हता. बिघडले ते फक्त मॅरिनेड. सॉस उकळलेला होता, रब वाळवलेला. मॅरिनेड हे तिघांत एकटेच असे होते, की ज्यात सगळे ताजे होते आणि कशालाच आच लागलेली नव्हती. दोषी त्या ताज्यात होता. किवी तर मी हाकललेली. मग कोण?

येथे आमच्या घरातली दुसरी खोटी हकीकत सुरू होते. आमच्या सौभाग्यवती कुमुदताई सर्वांना सांगतात की शोध त्यांनी लावला. घडले ते असे.

बुधवारी दुपारी केदारराव दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात चहा करायला खाली आले. त्यांची पद्धत अशी, की पाणी, दूध, साखर, चहा आणि किसलेले आले सगळे एकदम पातेल्यात टाकायचे आणि गॅस लावायचा. दूध फाटले.

“इथलं दूधच असलं,” ते म्हणाले.

“दुधाला काय बोल लावता?” ही म्हणाली. “आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यावं, मग दूध घालावं. लग्न झालं तेव्हापासून सांगतेय तुम्हाला.”

मी हातातला पेपर खाली ठेवला.

हिने चहाबद्दल सांगितले, हे मी मान्य करतो. चिकनबद्दल ती एक अक्षरही बोललेली नव्हती. चहातून चिकन मी ओळखले. तिचे म्हणणे असे की तिने सांगितले नसते, तर मी पेपरच वाचत बसलो असतो. हे सिद्ध करता येणार नाही.

मी दोन वाट्यांत कोमट दूध घेतले. एकीत ताज्या आल्याचा रस घातला. दुसरीत तोच रस, पण आधी उकळून निववलेला. मधुरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हेडफोन लावून कॉलवर होती. तिने मान वर केली.

“बाबा, काय चाललंय? माझा कॅमेरा ऑन आहे.”

“मग त्यांनाही दिसू दे.”

थोड्या वेळाने पहिली वाटी मी तिरकी केली. दूध खरवसासारखे बसले होते. दुसऱ्या वाटीतले दूध दूधच राहिले होते.

अर्थ सरळ होता. ताज्या आल्यात एक एन्झाइम असते. एन्झाइम म्हणजे प्रथिने कापणारी बारीक कात्री समजा. पपईत असते, किवीत असते, तसेच आल्यातही. चहात ते दुधाची प्रथिने कापते, मॅरिनेडमध्ये मांसाची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कापले तर मांस मऊ होते. दोन दिवस कापत राहिले तर लगदा. उकळले की कात्रीची धार जाते. आपल्या घरांत आले-लसूण वाटल्याशिवाय मसाला सुरू होत नाही, त्यामुळे आले हा संशयित असू शकतो, असे कोणा मराठी माणसाच्या मनातच येत नाही. केदाररावांच्या यादीत दही होते, लिंबू होते, डेक्लनचा फ्रिज होता, अगदी आयरिश कोंबडीसुद्धा होती. आले नव्हते.

“पण आलं उकळलं तर फ्रेशनेस जाईल,” ते म्हणाले.

“थोडा जाईल. तिखटपणाला सुंठ घालू.”

“मग लसूणही उकळू या? सेफ साइड?”

“नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे जमलं, ते तुम्हाला जन्मात कळणार नाही.”

गुरुवारी आम्ही डेक्लनला दोन ट्रे लावायला सांगितले. एक उकळलेल्या आल्याचा. दुसरा जुन्याच मसाल्याचा, मुद्दाम. यालाच कंट्रोल सॅम्पल म्हणतात. फक्त नवा ट्रे चांगला निघाला असता, तर डेक्लन म्हणाला असता की त्याने फ्रिज थंड केला म्हणून. केदारराव म्हणाले असते की कोंबडी वेगळी होती म्हणून. शेजारी जुना ट्रे बिघडलेला दिसला, की तोंडे बंद होतात.

शनिवारी सकाळी मी दुकानात गेलो. आत एका वेळी मोजक्याच माणसांना सोडत होते, म्हणून केदारराव बाहेर रांगेजवळ थांबले आणि काचेतून पाहत राहिले. त्यांना काय दिसले असेल, हे मी त्यांच्यापेक्षा चांगले सांगू शकतो. माझी त्यांच्याकडे पाठ होती.

डेक्लनने दोन्ही ट्रे काउंटरवर ठेवले. दोन्हींतले तुकडे सारखेच लालभडक. मी ग्लव्हज घातले. लोणच्याच्या कारखान्यात कैरीची फोड मी कधी खाऊन पास केली नाही. अंगठ्याने दाबून केली. फोड कुठवर दाब सोसते आणि कुठे मोडते, हे ज्याच्या अंगठ्याला कळते त्याला दातांची गरज नसते. जुन्या ट्रेमधला तुकडा दाबला. अंगठा ओल्या बेसनात जावा तसा आत गेला. नव्या ट्रेमधला दाबला. तो दबला आणि परत वर आला.

मग मी मास्क खाली केला, अंगठा नाकाशी नेला आणि डोळे मिटून वास घेतला. ही सवय आहे. दह्याचा आंबटपणा पुढे गेला असेल तर तो आधी नाकाला कळतो. वास स्वच्छ होता. म्हणून मी म्हणालो, “जमलं.”

“म्हणजे काय?” डेक्लनने विचारले.

“म्हणजे फळा पुसू नका.”

त्याने स्वतः दोन्ही तुकडे दाबून पाहिले आणि एकदाचा न हसता म्हणाला, “फेअर प्ले, चीफ.” त्या माणसाच्या तोंडून ही मोठी शाबासकी होती.

पुढच्या शनिवारी दुपारपूर्वीच त्याचे ट्रे रिकामे झाले. रविवारी आमच्या मागच्या अंगणात केदाररावांनी बार्बेक्यू पेटवले. मांसाला त्यांनी आणि शेजारच्या जोडप्याने न्याय दिला. मक्याची कणसे आणि पनीर यांना मी दिला, वेगळ्या जाळीवर. चिंच-गुळाचा सॉस कणसाला उत्तम लागतो. हवा कोरडी होती, खुर्ची उन्हात होती, आणि शेजारीण चिकन संपवून बोटे चाटत होती. निवृत्तीनंतर इतका समाधानाचा दिवस मला आठवत नाही.

त्यानंतर गणपती आले आणि तो किस्सा आला. दुसऱ्या दिवशी सांगलीहून माझ्या थोरल्या बंधूंचा फोन.

“काय रे, बाटलास म्हणे?”

“दादा, मी वास घेतला.”

“केदार म्हणतो खाल्लंस.”

“केदार रस्त्यावर उभा होता.”

“असू दे, असू दे. या वयात प्रोटीन लागतंच. मी कुमुदला सांगत नाही.”

“तिला काय सांगायचंय? ती इथेच आहे.”

“मग तिने पाहिलं का?”

हा फोन ठेवून मी केदाररावांना खाली बोलावले. ते मीटिंग सोडून आले.

“बाबा, मला काचेतून तसंच दिसलं, शपथ. आणि डेक्लननेही रांगेतल्या लोकांना हेच सांगितलं. एक घास घेतला आणि डोळे मिटले, असं.”

मी डेक्लनकडे गेलो. तो काउंटरमागे सुरीला धार लावत होता.

“चीफ, मला माहितेय तुम्ही खाल्लं नाही,” तो म्हणाला. “पण त्या गोष्टीवर मी दोन ट्रे जास्त विकतो. अंगठ्याच्या गोष्टीवर कोण चिकन घेईल?”

“खरी गोष्ट जास्त चांगली आहे.”

“चांगली आहे. लांब आहे. रांग खोळंबते.”

मधुरा म्हणते, “बाबा, जाऊ दे ना. सगळे कौतुकानेच सांगतात.” तेच तर माझे दुखणे आहे. कौतुक जिभेचे होते, आणि ती जीभ मी वापरलीच नव्हती. पुढे दरवर्षी हा किस्सा सांगितला जाईल, आणि माझ्यामागे उरेल ते एवढेच, की एका म्हाताऱ्याने मोहात पडून चिकन खाल्ले. उकळलेले आले कोणाच्या लक्षात राहणार नाही.

या प्रकरणातून घेण्यासारखे दोन धडे आहेत. मॅरिनेड दुकानात ठेवायचे असेल, तर आले उकळून घ्यावे. आणि बॅच पास करताना काचेकडे पाठ करू नये.

राहिला पुरावा. केदारराव म्हणतात त्यांनी पाहिले, डेक्लन म्हणतो त्याने गंमत केली, आणि बंधू म्हणतात आग असल्याशिवाय धूर निघत नसतो. तेव्हा मी या सर्वांना एकाच गोष्टीची आठवण करून देतो. ते खाटकाचे दुकान होते, खानावळ नव्हे. तिथे शेगडी नाही, तवा नाही, ओव्हन नाही. त्या शनिवारी सकाळी काउंटरवर जे दोन ट्रे होते, त्यांतले सगळे चिकन कच्चे होते.